ताईच्या रकान्यात शून्य

फलकावर धाकटीच्या संघासमोर, ताईच्या रकान्यात पुन्हा शून्य उमटलं आणि तिचं डोकं फिरलं.

"लाड करतेय ती माझे!"

"करू दे की," शेजारी बसलेला तिच्या संघातला चष्मिश म्हणाला. "फुकट मिळतंय ते पदरात पाडून घे."

खेळ हल्ला-बचावाचा. प्रत्येक संघाला सारखाच सर्व्हर, त्यावरच्या प्रोग्रामात सारखीच भोकं. आपली बुजवायची, दुसऱ्याच्या भोकातून शिरून आत लपवलेल्या त्याच्या निशाण्या पळवायच्या. सर्व्हर बंद करून स्वस्थ बसायची सोय नाही. दुकान उघडं दिसलं नाही की गुण कापतात. शिवाय आयोजक सगळ्यांच्या संगणकांचे पत्ते झाकून ठेवतात. दारावर धडका बसतात, पण कुणाच्या ते कळत नाही. कळतं एवढंच, की कुणी कुणाचं किती पळवलं. ते फलकावर सगळ्यांसमोर लागतं.

आणि फलक सांगत होता, ताईच्या संघानं सभागृहातल्या प्रत्येकाला धुऊन काढलंय. एकट्या धाकटीला सोडून.

ताई गेल्या खेपेची विजेती. धाकटीची ही पहिलीच स्पर्धा. घरी, कॉलेजात, नातेवाइकांत तिची ओळख एकच: 'तिची बहीण'. ती पुसायलाच तिनं वेगळा संघ काढला होता. सकाळी सगळे हल्ल्यावर तुटून पडले, तेव्हा ही बया सर्व्हरवरचा प्रोग्राम ओळन् ओळ वाचत बसली. "कादंबरी आहे का ती?" म्हणून चष्मिशनं कपाळाला हात लावला. तिनं मान वर केली नाही. वाचत गेली, बुजवत गेली.

आता संध्याकाळ होत आली होती आणि ताईचा संघ पहिल्यावरून घसरत तिसऱ्या नंबरावर आला होता. धाकटीनं मनात हिशेब मांडला. जमा ताईकडे: मोठेपणा. खर्ची आपल्याकडे: पुन्हा तिची बहीण. घरी काय ऐकावं लागणार तेही ठरलेलं. स्वतः मागे राहिली, पण धाकटीला सांभाळून घेतलं हो! असलं प्रेम महाग पडतं. न मागता मिळतं आणि जन्मभर आपल्या नावावर राहतं.

वेळ संपल्याची घंटा झाली तशी ती तडक ताईच्या टेबलाशी गेली. तिथे सगळेच डोळे चोळत बसले होते. एकानं तिला पाहून हात जोडले. तिला ती थट्टा वाटली.

"मला भीक नको होती, ताई. सगळ्यांना लुटलंस, मग मलाच का वगळलंस?"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग खुर्ची मागे सारून उठली आणि सभागृहाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"वगळलं? अगं, दुपारपासून माझा अख्खा संघ बाकी सगळं सोडून तुझ्याच सर्व्हरवर डोकं आपटतोय. पहिला नंबर काय उगाच गेला?"