सरांचा आवाज

कार्यक्रम तोंडावर आला होता आणि सोसायटीच्या गायनवृंदाचा अंतरा अजून घसरतच होता. तरी सरांचा पारा काही चढेना.

"अहो काकू, चुकलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. घोटभर पाणी प्या, पुन्हा घेऊ," ते हसून म्हणाले.

"असा माणूस मिळायला नशीब लागतं हो!" शेजारीण मागच्या ओळीतल्या एकीच्या कानात कुजबुजली. ऐकणारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी ती चहात साखर घालायला विसरली, तर कप भिंतीवर जाऊन फुटला होता आणि त्याचे तुकडे तिनेच वेचले होते. तिने ओठ घट्ट मिटले.

"मागच्या ओळीत कोण गात नाहीये?" सरांनी लाडीगोडीने विचारलं.

"मी," ती ताडकन म्हणाली. "तुमचा हा आवाज ऐकतेय. लग्न झाल्यापासून घरी एकदाही ऐकला नाही."