पंख्याविषयीची तक्रार

कॉम्प्युटर दुरुस्त झाला. दुरुस्त करणाऱ्याला मात्र त्यानंतर तोंड लपवायला टेबलाखालची जागाही पुरेना. पण हे घडलंच नाही असं धरून चालू. घरातली सगळी माणसं तसंच धरून चालली आहेत.

तर अण्णांचा धाकटा मुलगा टेबलाखाली होता. हातात स्क्रूड्रायव्हर, तोंडात टॉर्च, आणि पाठीमागे प्रेक्षक: अण्णा, ताई आणि शेजारचे काका. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते कुठलाही कार्यक्रम पुढे बसून बघतात. धाकटा परगावी मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. त्यामुळे तोंडात टॉर्च असूनही तोच बोलत होता.

"अण्णा, तुम्ही काहीतरी भलतंच उघडलं असणार."

"मी फक्त तुझा कॉल उघडतो रे."

"सगळे असंच म्हणतात."

"काय उघडलं म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"भलतंच!" ताई त्यांच्या कानात ओरडली. खिडकी उघडी होती. समोरच्या इमारतीलाही ते कळलं. अण्णांचे कान लाल झाले, पण ते ऐकत राहिले. उभा जन्म तक्रार विभागात गेलेला माणूस. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि एकदा नोंदवलेली तक्रार कुणाच्या बापालाही मागे घेऊ द्यायची नाही, हे दोन नियम त्यांनी निवृत्त होतानाही घरी आणले होते.

दुखणं असं होतं. दर रविवारी धाकट्याचा व्हिडिओ कॉल यायचा. ख्यालीखुशाली संपून अण्णा गुडघ्यांच्या विषयाकडे वळले की कॉम्प्युटर गोठायचा. माउसचा बाण हलायचा नाही, आणि पलीकडे पडद्यावर अण्णा 'आ' वासून तसेच राहायचे. कॉम्प्युटरचा डबा हात लावून बघावा तर तव्यासारखा. अण्णांनी घरगुती उपाय करून पाहिले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी त्याच्यावर ओल्या रुमालाची घडी ठेवली. कॉल चालू असताना ते एका हाताने वर्तमानपत्राने त्याला वारा घालायचे. धाकट्याला पडद्याच्या कडेला हलणारा पेपर दिसायचा. त्याने डासांचं औषध पाठवून दिलं होतं.

"आत धुळीचा उकिरडा असणार," धाकटा म्हणाला आणि त्याने डब्याची बाजू काढली.

आत लख्ख होतं. धूळ औषधालाही नव्हती. फक्त प्रोसेसरवरचा पंखा बंद होता. त्याची वायर कुणीतरी उपसून, नीट गुंडाळून, फायलीच्या नाडीने बांधून ठेवली होती. पुन्हा सोडता यावी म्हणून सुरगाठ मारली होती.

"ही वायर कुणी काढली?"

"मी," अण्णा म्हणाले.

"अहो, हा फिरला नाही तर मशीन तापणार, तापलं की गोठणार! पहिलीतलं पोर सांगेल! सुरू करताना स्क्रीनवर काही येत नव्हतं?"

"इंग्रजीत काहीतरी विचारायचा. मी हो म्हणायचो."

"पण कुठल्या गाढवाने सांगितलं तुम्हाला हे?"

अण्णा नाडीकडे बघत राहिले. "जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? नाव सांगा. मी बोलतो त्याच्याशी."

"तूच म्हणायचास ना," अण्णा हळूच म्हणाले. "पंख्याचा फार आवाज येतोय, काही ऐकू येत नाही, ठेवतो आता. दर वेळी. म्हटलं, तक्रार आहे तर निवारण करावं. हा काढला तरी तू म्हणालास. मग छताचा बंद केला. तरी म्हणालास. आता फ्रिजपण बंद करून बसतो."

"म्हणून रविवारी दूध नासतं होय!" ताई म्हणाली, आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"गाढव कोण निघालं?" काकांनी विचारलं. या वेळी त्यांच्या कानात कुणी ओरडलं नाही.

धाकट्याने नाडी सोडली, वायर जोडली, बटण दाबलं. पंखा फिरू लागला. सगळे ऐकू लागले. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो ऐकू आला. खाली कुणीतरी सायकल स्टँडवर लावली, तेही ऐकू आलं. काकांनी डब्याला कान लावला.

"चालू केलास का?" ते म्हणाले. "मला नाही बुवा येत. माझं सोडा. तुम्हाला येतोय का आवाज?"

ताईने भावाकडे पाहिलं. एरवी तिने त्याची सालटी काढली असती. आज ती गप्प राहिली, आणि धाकट्याला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

"आहे की!" अण्णा घाईघाईने म्हणाले. "बारीक आहे. तिकडे पोचेपर्यंत वाढत असेल."

पुढच्या रविवारी धाकट्याने आपल्या खोलीतून कॉल लावला. अण्णा गोठले नाहीत. गुडघे झाले, नळ झाला, काकांचं नवं कानाचं मशीन झालं, ते काका कानाऐवजी खिशात ठेवतात तेही झालं. धाकटा हसला. आणखी सांगा म्हणणार, तोच अण्णा मध्येच थांबले.

"पंख्याचा त्रास होत असेल ना तुला? ठेवतो हं."

"अण्णा, नाही, अजिबात..."

पडदा काळा झाला. त्यात धाकट्याचाच चेहरा उरला. त्याने पुन्हा कॉल लावला. पलीकडे कॉम्प्युटरच बंद झाला होता. मग तो खुर्चीत ताठ बसला आणि त्या काळ्या पडद्याला, अण्णांच्या ऑफिसातल्या भाषेत म्हणाला:

"महोदय, पंख्याच्या आवाजाबाबत अर्जदाराने वेळोवेळी केलेली तक्रार पहिल्या दिवसापासून रद्द समजण्यात यावी, ही नम्र विनंती."