हत्तीची गाठ

दुपारच्या शांततेत टप्पकन वाजलं. झोपेतून उठलेल्या लेकीनं बूट माझ्या कागदांवर आपटला होता. "अजून तुझ्या राजाचं संपलं नाही?" तिनं आजीच्या सुरात विचारलं. पावसापासून पाककलेपर्यंत सगळं संस्कृतात लिहिणाऱ्या नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाचा ग्रंथ मी तिच्या झोपेच्या तासांत मराठीत आणत होते. प्रकाशक संध्याकाळी यायचे होते आणि हत्तीच्या दोरापाशी माझं घोडं अडलेलं. शब्द कळले, गाठ कळेना. मी मोठ्यानं वाचलं, "दुमडलेलं टोक फासातून अर्धंच काढावं. हत्तीनं ओढलं तर घट्ट, माहुतानं टोक ओढलं तर मोकळी." "हे मला येतं," म्हणत तिनं बुटाची नाडी बांधली आणि टोक ओढून सोडली. मी हसत ओळ पूर्ण केली. ती नाडीकडे बघत राहिली. "आई, टोक ओढलं की सुटते, हे हत्तीला कुणीच कसं सांगितलं नाही?"