जमा केलेली बंदूक

निवडणूक लागली तसा पोलीस ठाण्यातून फोन आला. जंगलाकडेला शेती असलेल्या सयाजीअण्णांनी रानडुकरं हाकायची आपली लायसनची बंदूक निवडणुकीपुरती ठाण्यात मुकाट जमा केली. प्रचाराच्या भांडणात गावातल्याच एकानं गावठी कट्टा काढला आणि अण्णांचा मुलगा पृथ्वीराज जागेवरच गेला.

निकालानंतर अण्णा बंदूक मागायला ठाण्यात आले.

"आता मिळायची न्हाय, अण्णा," हवालदार म्हणाला. "तुमचं लायसन रद्द करा म्हणून साहेबांनी वर कळवलंय. पोराचा खून झालाय, उद्या रागाच्या भरात कुणावर चालवलीसा म्हंजे?"

"आणि माझं पोर ज्यानं मारलं, त्यो मोकळाच फिरतोय की! त्याचं काय रद्द केलंय?"

 

"त्याच्याकडं लायसनच न्हाय, अण्णा. रद्द काय करायचं?"