बोलका नावाडी

संवादलेखकाने वर्षभर डोकं खपवून कॉम्प्युटरच्या खेळातला नावाडी बोलता केला. कुणी काहीही विचारावं, त्याने अगदी माणसासारखं बोलावं. खेळ बाजारात आला त्या दुपारी लेखक स्वतःच हेडफोन चढवून, साधा प्रवासी होऊन खेळातल्या नदीकाठी जाऊन उभा राहिला. आपलं कौतुक आपल्याच कानांनी ऐकायला.

खेळणाऱ्या दोन मैत्रिणी आल्या. "काय, कसा झाला प्रवास?" लेखकाने विचारलं. एकीने वाट कशी चुकली ते हसत हसत सांगितलं. "अरे वा, छान छान," हा म्हणाला. आणि मग म्हणाला, "बाकी काय विशेष?"

"चल गं," दुसरी म्हणाली, "हा कॉम्प्युटरचा दिसतोय. तो नावाडी मात्र खरा माणूस आहे. मघाशी आईच्या आजारपणाचं सगळं ऐकून घेतलं त्याने माझं."

संध्याकाळी घरी येऊन त्याने हा किस्सा बायकोला चांगला रंगवून सांगितला आणि ती हसायची वाट बघत बसला.

ती हसली नाही. "एकदा घरी घेऊन ये ना त्या नावाड्याला," एवढंच म्हणाली.