पानावर दाताचा ठसा

बारा इवल्या कुंड्या घमेल्यात भरून मथुराबाई उकिरड्याकडं निघाल्या, तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांची फटफटी दारात थांबली.

"आधी मांजर बघा डाक्टर," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं तीनदा ओकलीय. सुनेच्या ह्या शोभेच्या झाडांनी घात केला."

सून शिवांजली चिंगी मांजरीला मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. लग्नाला चार महिने झालेले. माहेराहून तिनं हौसेनं काय आणलं, तर ही जाड पानांची मूठ-मूठभर झाडं. आणि सासूबाईंनी जीव लावून काय पोसलं, तर हे मांजर. आज एका पानावर दाताचा ठसा निघाला. तो तिनं स्वतःच सासूबाईंना दाखवला होता. रडून रडून डोळे सुजले होते बिचारीचे.

महेबूब डॉक्टरांचा सगळा जन्म माकणीच्या गाई-म्हशींत गेलेला. मांजर बघून तेही जरा बावरले. पण माणूस सरळ. "मला ह्यातलं लई कळत न्हाय मावशी," म्हणाले, आणि कुंड्यांचे फोटो काढून लातूरला कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टर मॅडमना पाठवले.

मग तिघं फोनकडं बघत बसले. चिंगीनं मान टाकली तशी शिवांजलीनं तिला छातीशी धरलं.

फोन वाजला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चावलेली कुंडी उचलली. "ही पांढऱ्या पट्ट्यांची कोरफडीसारखी दिसती, पण कोरफड न्हाय. मांजरानं चावली तरी धोका न्हाय. फक्त ही गोल पानांची जेड तेवढी लांब ठेवा. पण तिला तर तोंडबी लागलेलं न्हाय."

"मग ओकती कशानं?" मथुराबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी चिंगीला उलटंपालटं केलं. शेपूट हाताला चिकट लागलं. "हे काय चोपडलंय?"

"कोरफड. काल चुलीपाशी शेपूट होरपळलं पोरीचं. नजर लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली हुती, तीच चिरून लावली. भाजलं की आमी तेच लावतो की."

"माणूस शेपूट चाटत न्हाय, मावशी! कोरफडीचा पिवळा चीक मांजराला बाधतो."

मथुराबाईंनी चिंगीला जवळ ओढलं. "मरंल का वो?"

"न्हाय, न्हाय. थोडाच गेलाय, तोबी ओकून टाकलाय. शेपूट धुवा आधी."

शेपूट धुतलं. चिंगीनं वाटीतलं पाणी चाटलं, ते पोटात राहिलं. मग तिनं डॉक्टरांच्या हातावर पंजा मारला, तेव्हा कुठं शिवांजलीचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली आणि हसता हसता परत रडली. मथुराबाईंनी एकेक कुंडी जागेवर ठेवली. जेड फळीवर, उंच.

डॉक्टरांनी रजिस्टर काढलं. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. मांजराला रकानाच नव्हता, तो त्यांनी पेनानं आखला. "विषबाधा कशामुळं, काय लिहू?"

"राहू द्या की डॉक्टर," शिवांजली घाईनं म्हणाली.

"राहू द्या कशाला?" मथुराबाई म्हणाल्या. "लिहा, सासूमुळं."