तुलनेचा माणूस

नऊ भोकांत नऊ खुंट्या बसवायला तिला एकतीस सेकंद लागले, नवऱ्याला एकोणीस. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या त्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाने तुलनेसाठी घरातलं एक निरोगी माणूस आणायचं होतं; तिने नवऱ्याला आणलं होतं.

“बघ, म्हणून सांगतो, नोकरी तुला झेपणार नाही,” नवऱ्याने दोन वर्षांचं पालुपद पुन्हा आळवलं.

मग दोघांचं वजन, रक्तदाब, साखर आणि झोपेची प्रश्नावली झाली. सहा मिनिटं चालायचं होतं; ती पूर्ण चालली, तो चौथ्या मिनिटालाच खुर्ची शोधू लागला.

आकडे पाहून संशोधक बाईंनी चष्मा पुसला. “तुमच्या दोघांच्या कागदांची अदलाबदल झालीय का हो?”

 

“नाही,” ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. “तू घरी आराम कर, तुला झेपत नाही. मी सोमवारपासून कामावर जातेय.”